गार्डन लीव्ह

नव्वद दिवस मला बाजारात पाऊल टाकायचं नाही.
जुन्या बँकेचा पगार चालू, नव्या बँकेचं दार बंद,
आणि मी बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर.
गॅलरीत दोन कुंड्या. एकीत कोरफड,
दुसरीत नुसती माती.

गार्डन लीव्ह म्हणजे काय गं, अण्णांनी विचारलं.
म्हटलं, जुन्या घरची गुपितं शिळी होईपर्यंत
माणसाला उन्हात वाळत घालतात.
हळदीला घालतात तसं, ते म्हणाले,
आणि पेपर उलटला.

दुपारी साडेबाराला लंडन उघडतं.
माझी बोटं जेवणाच्या टेबलावर आपोआप
नसलेल्या कळा दाबू लागतात.
आईच्या जागेवर आता औषधांचा डबा असतो.
अण्णा बघतात. बोलत नाहीत.

चाळीस वर्षं ते गुलटेकडीला, बंकटशेठच्या गाळ्यात दिवाणजी.
गुळाच्या ढेपा, माश्या, लाल कापडाच्या वह्या.
आठ वर्षांची असताना त्यांनी मला
उपरण्याखालचा भाव शिकवला होता.
तीन बोटं धरली तर तीन, की तीस, की तीनशे,
ते धरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं,
आणि चेहरा तर कोरा.
भाव ऐकायचा नसतो, म्हणायचे, चाचपायचा.
पुढे ते सगळं बंद झालं, उघडा लिलाव आला.
माझा हात मात्र तयार झाला होता.

खराडीला रात्रपाळी, दुसऱ्यांच्या सौद्यांचे हिशेब जुळवत.
कॅबमध्ये झोप, हडपसरच्या सिग्नलला जाग.
मग सिंगापूर. मग लंडन,
काचेच्या खोलीत हारग्रीव्ह नावाचा उंच माणूस.
त्याने विचारलं, आजच्या भावाने पुढे घेण्याचा नुसता हक्क,
घेण्याची सक्ती नाही,
किती द्याल त्याचे?

मला कोंढव्याचा प्लॉट आठवला.
विसार अकरा हजार, मुदत पंचेचाळीस दिवस.
आईच्या पाटल्या, पतपेढी, साताऱ्याचे मामा,
सगळं करून तीस हजार कमी पडले.
सेहेचाळिसाव्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.
कुणी काही बोललं नाही.
मी सहा सेकंदांत आकडा सांगितला.
हारग्रीव्हने पेनाला टोपण लावलं.

त्याला बारा वर्षं झाली.
एवढी वर्षं मी विसार घेणाऱ्याच्या बाजूला बसते.
बहुतेकांची मुदत तशीच उलटून जाते.
रोज थोडं थोडं झिजतं त्यांचं, आमच्याकडे जमतं.
त्या झिजेला एक ग्रीक अक्षर आहे,
मला ते आवडतं, मधे आडवी रेघ असलेलं,
बंद दारासारखं.

हे सगळं काल अण्णांना सांगितलं, विसार हाच शब्द वापरून.
त्यांना लगेच कळलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
माझं काम कुणाला एका शब्दात कळलं.
मग म्हणाले, किती माणसं बुडाली अशी?
माणसं नसतात हो, फंड असतात, पेन्शनवाले, विमेवाले.
ते चष्मा पुसत राहिले.
त्या कोंढवेवाल्याच्या वहीत
माझंही नाव नसणार, म्हणाले.
नुसतं पार्टी लिहिलं असणार.

यावर माझ्याकडे उत्तर आहे.
कुणीतरी जोखीम घ्यायलाच लागते, वगैरे.
नव्या बँकेच्या मुलाखतीत मी ते छान दिलं होतं.

आज संध्याकाळी ते रिकाम्या कुंडीत बोट खुपसून
ओल बघत होते.
एकसष्ट दिवस उरलेत, म्हटलं, काय लावू?
मेथी येईल, म्हणाले. कोथिंबीरही, धणे चांगले असले तर.
मग खांद्यावरचा पंचा काढून
आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.
त्यांचा हात आता थरथरतो.
तीन बोटं धरली, की दोनच,
की नुसता आधार घेतला,
मी चेहरा बघितला.
कोरा.